देवमाशापलीकडची घंटा

एल्स्पेथचं लग्न होऊन तीन आठवडे झाले होते, म्हणजे साल एकोणीसशे शहाण्णव. तिचा बाप लॉरी काउई गोल्फच्या मैदानावर चौथ्या होलच्या सुरुवातीला उभा होता. हातातल्या नव्या ड्रायव्हरचं वेष्टन त्याने सकाळीच काढलं होतं. पहिला लांब फटका मारायचा हा दांडा. शेजारी त्याचा मेहुणा डॉड स्लेटर नाक शिंकरत होता.

समोर गवताची उंच टेकडी. पोर्टइनन गावचे कोळी तिला देवमासा म्हणत. तिच्या पलीकडचं काही दिसत नसे, म्हणून पलीकडच्या उतारावर एका खांबाला बुडालेल्या बोटीची घंटा टांगली होती. पुढचे खेळाडू टप्प्यातून बाहेर पडले की दोर ओढायचे. घंटा ऐकू आली की मगच मागच्यांनी मारायचं. नियम एवढाच.

लॉरीपुरता तो नियम अकरा वर्षांपूर्वी सुटला. बोटीवर जाळं ओढणाऱ्या यंत्रात त्याचा खांदा सापडला, आणि तेव्हापासून त्याचा चेंडू देवमाशाच्या पाठीवरच अडायचा. मग घंटेची वाट कशाला बघायची? डॉड आपला फटका मारून पुढे चालू लागायचा. तो टेकडीआड गेला की लॉरी मारायचा. तेवढाच वेळ वाचे. कुणी त्याला थांब म्हणत नसे, आणि तेच त्याला लागायचं.

एल्स्पेथच्या लग्नाच्या जेवणात कुणीतरी म्हणालं, "लॉरीला आता बायकांच्या पुढच्या खुणेवरून खेळू द्या." सगळे हसले. लॉरीही हसला, पण नंतर त्याने केकला हात लावला नाही. डॉडने ते पाहिलं. त्याने नाचता नाचता छाती धरली आणि धाडकन जमिनीवर पडला. नवरी किंचाळली. मग त्याने एक डोळा उघडून व्हिस्की मागितली. ही त्याची जुनी खोड होती. चर्च सोडून सगळीकडे तो एकदा तरी मेला होता.

शनिवारच्या या खेळाआधीच्या सोमवारी तोच लॉरीला मैदानालगतच्या दुकानात घेऊन गेला. लॉरीने तीन दांडे मारून पाहिले. पहिला इतका हलका, की अंडी फेटायला घेतल्यासारखं वाटलं. दुसऱ्याने चेंडू समुद्राकडे नेला. तिसऱ्याचं डोकं सलगमाएवढं होतं, आणि चेंडूला लागताना किटलीचं झाकण पडल्यासारखा आवाज यायचा. पण चेंडू सरावाच्या पट्टीचं कुंपण ओलांडून गेला.

"हाच घे," डॉड म्हणाला. "बापाचा लाकडी दांडा आता चुलीत घाल."

"आवाज ऐकलास का? लोक हसतील."

"आत्ता काय रडतात?"

पण शनिवारी पहिल्या होलवर चेंडू काटेरी झुडपात गेला. दुसऱ्यावर तो कसाबसा वाळूच्या खड्ड्यापर्यंत सरपटला. तिसऱ्यावर दांडा चेंडूच्या डोक्यावरून गेला, आणि डॉडने टोपी काढून चेंडूपुढे मान झुकवली.

आता चौथं. पुढच्या लोकांनी घंटा वाजवली. डॉडने आपला फटका देवमाशावरून नेला आणि पिशवी खांद्यावर टाकली.

"मी होतो पुढे. पार आलास तर घंटा मी वाजवीन. एकच टोला, तुझ्या नावाचा."

"आणि नाही आलो तर?"

"तर माझ्या बहिणीला सांगेन, हा दांडा परड्यात ठोक आणि त्यावर मटारचा वेल चढव."

"चल नीघ, गाढवा."

डॉड हसत चढ चढला. माथ्यावर त्याने मागे न बघता हात हलवला, आणि तो पलीकडे उतरला.

लॉरीने पाय रोवले. खांदा दुखत होता. त्याने श्वास सोडला आणि दांडा फिरवला. किटलीचं झाकण पडलं. हाताला मात्र काहीच जाणवलं नाही, इतका फटका नेमका बसला. चेंडू वर चढला, चढतच राहिला, देवमाशाच्या पाठीवर बारीक झाला आणि पलीकडे गेला.

लॉरी कान देऊन उभा राहिला.

घंटा वाजली. एकच टोला.

त्याने टोपी काढली. तो उगाच खोकला. मग त्याने रुमालाने दांड्याचं डोकं पुसलं, त्याच्यावर लोकरीची टोपी चढवली आणि सावकाश चढू लागला. घाई करायची नव्हती. अकरा वर्षं त्याने ही चाल मनात चालून पाहिली होती.

माथ्यावरून त्याला चेंडू दिसला. खांबापासून चारेक पावलांवर, गवतात, पांढरा स्वच्छ. खांबाशी डॉड पालथा पडला होता, घंटेचा दोर मुठीत घट्ट धरून.

"पुरे, डॉड!" लॉरी वरूनच हसत ओरडला. "ऐकली मी घंटा. ऊठ आता, व्हिस्की माझ्याकडून."

तो उतारावर अर्धा आला तरी हसत होता. मग त्याला डॉडच्या कानामागची जखम दिसली. लहानशीच होती, चेंडूएवढी गोल.

डॉक्टरांनी मुठीतून दोर सोडवला तेव्हा घंटा पुन्हा एकदा वाजली. टेकडीमागे थांबलेल्या लोकांना वाटलं, वाट मोकळी झाली.

डॉड स्लेटर, वय अडुसष्ट, बावीस जून एकोणीसशे शहाण्णव रोजी दुपारी सव्वातीनला, आपल्या मेहुण्यासाठी घंटेला हात घालत असताना वारला.