सुष्मिताची निवड

साहेब, तुमच्या एजन्सीला पोरीचा गळा नकोच होता, घरातलं मढं पाहिजे होतं!

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी पोरं गोळा करत तुमचा माणूस पेठ वडगावात बाळाप्पाच्या दारात आला. त्याच्या लेकीचं, सुष्मिताचं गाणं ऐकून म्हणाला, "गाते छान. पण घरात कुणी वारलंय का? लोकांना रडू आलं तरच मतांचे एसएमएस येतात."

"सगळी जित्ती हाईत की!" बाळाप्पा हसला. लेकीचं तोंड मात्र उतरलं.

मग बाळाप्पानं आपल्याच फोटोला हार घातला. बायको मल्लव्वा ऐकंना, तेव्हा तिच्या कपाळाचं कुंकू स्वतःच्या हातानं पुसलं आणि शूटिंग होईस्तोवर गोठ्यात जाऊन बसला.

एसएमएस धो धो आले. सुष्मिता जिंकून आली. दारात हलगी, गुलाल, कॅमेरे. लेकीला पेढा भरवायला बाळाप्पा पुढं झाला, तर तुमच्या माणसानं त्याला आत ढकलून बाहेरनं कडी घातली. "काका, तुम्ही वारलायत ना!" सुष्मितानं मान फिरवली.



दाराआडून बाळाप्पा ओरडला, "व्हय, पण मला परत जित्ता कधी करताय, त्येवढं सांगा की, साहेब!"