खारट मशेरी

अनंत धुरीच्या सासूबाईंच्या भुवया जळाल्या. पण तसं काही झालंच नाही, असं घरात ठरलं आहे.

शेतात डुकरं शिरली म्हणून धुरी ठासणीच्या बंदुकीत बार भरायला बसला. डब्यातली काळी पूड त्याने सवयीने हुंगली, तर तंबाखूचा वास! म्हणजे ही सासूबाईंची मशेरी. मग बंदुकीची दारू कुठाय?

"जावयानूं, आजची मशेरी वायच खारट लागता," दात घासत चुलीपुढून सासूबाई म्हणाल्या. दुसरा डबा त्यांच्या मांडीवर, उघडा.

ओरडावं, तर त्या दचकून डबा निखाऱ्यांत सांडतील. धुरी मांजराच्या पावलांनी गेला, डबा अलगद उचलला, अंगणात नेऊन ठेवला. सुटलो म्हणेपर्यंत सासूबाईंनी बोटांवरची उरलेली पूड चुलीवर झटकली.

भप्प!

धूर निवळला तेव्हा त्या आरशापुढे होत्या. भुवयांचं नावही काढलं नाही. "दात बगा कशे लखलखतत! आता माका हीच मशेरी व्हयी."

जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज गेला आहे : 'परवान्यावरील दारूत सासूबाईंच्या दातांसाठी दरमहा पाव किलो वाढ मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.'