कोपराआडचा चेंडू

सहीसाठी लागलेल्या रांगेत एमेट टॉलिव्हरच्या पुढे आता तिघेच उरले होते. गुडघे ठणकत होते. हातातल्या छायाचित्रात अडतीस वर्षांपूर्वीचा जानेवारी होता: अमेरिकन फुटबॉलचा बाद फेरीचा सामना, अखेरचे अकरा सेकंद, चेंडूसाठी आडवा झेपावलेला प्रतिस्पर्धी संघाचा रस कोवाल्चिक आणि त्याच्यावर कोसळलेला एमेट. चेंडू जमिनीला टेकला असता तर झेल अवैध ठरला असता आणि एमेटचा संघ अंतिम सामन्याला गेला असता. छायाचित्रात ते दिसत नव्हते. नेमके तिथे एमेटचेच कोपर आडवे आले होते.

पंचांनी झेल ग्राह्य धरला. पण गोठलेल्या मैदानावर चेंडू टेकल्याचा आवाज एमेटने स्वतःच्या कानांनी ऐकला होता. तेव्हापासून तो हे सांगत आला होता. वार्ताहरांना, मुलांना, एकामागून एक दोन बायकांना. आता लोक नुसती मान हलवीत. रसच्या तोंडून एकदा ऐकावे, एवढ्यासाठी तो सहा तास गाडी चालवत आला होता.

टेबलाशी रसची बायको डोरीन प्रत्येकाचे नाव पिवळ्या चिठ्ठीवर लिहून छायाचित्राला चिकटवत होती. रस ते पाहून लिही आणि खाली सही करी. एमेटची चिठ्ठी त्याने दोनदा वाचली, मग वर पाहिले.

“अजून जिवंत आहेस होय, म्हाताऱ्या?”

“तुझ्याकडून खरं ऐकल्याशिवाय जायचं नाही म्हणतोय. टेकला होता ना, रस?”

डोरीनचे पेन थांबले. रसने छायाचित्र जवळ ओढले.

“तुझा खांदा डोक्यात बसला, एमेट. त्यानंतरचं आठवतं ते थेट परतीच्या बसमधलं. हा झेल मी टीव्हीवरच पाहिलाय. लोक विचारतात, मी हसतो.” त्याचा आवाज खाली आला. “तू तर तिथं होतास. तूच सांग, पकडला होता का मी?”

एमेटने नजर वळवली. रसच्या हाताशी टेबलावर आणखी एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर डोरीनच्या ठळक अक्षरांत रसचे स्वतःचे नाव होते. सही करताना पाहता यावे म्हणून.

“पकडलास,” एमेट म्हणाला. “खाली माझं कोपर होतं. चेंडू टेकलाच नाही.”