मागच्या स्प्रिंगा

बाईच्या हातानं ही गाडी उभी राहणार नाही, असं अख्खं अमडापूर म्हणत होतं. मी भंगारातून आणलेली ती लांब पल्ल्याची जुनी मोटारसायकल सहा महिन्यांत उभी केली. पिस्टन, कार्बुरेटर, वायरिंग, सगळं जमलं. एकच खोड जाईना. गाडी रिकामी असली तरी मागच्या स्प्रिंगा दबलेल्याच, जणू मागे कुणी बसलंय.

नव्या स्प्रिंगा टाकल्या. त्याही दबल्या.

"अपेक्षाताई, विकून टाका हिले," शेजारच्या गॅरेजचा जीवन म्हणाला.

"काऊन विकू? उद्या हिच्यावरच कन्याकुमारीले निघणार हाये मी."

भर दुपारी मी मागचे दोन्ही फूटरेस्ट दुमडून तारेनं करकचून बांधले आणि पाणी प्यायला आत गेले. परत आले तेव्हा फूटरेस्ट उघडे होते. तारा सोडवून, नीट गुंडाळून टाकीवर ठेवल्या होत्या.

जीवन दारातच थांबला. आत यायला तयार होईना.

माझं डोकंच फिरलं. मी मागच्या सीटवर पाना आपटला. "कोण हायेस बे? बसायचं तर बस, नाहीतर उतर. पण गाडी मीच चालवीन!"

स्प्रिंगा हळूहळू वर आल्या. पहिल्यांदाच.

"उतरलं रे जीवन!" मी ओरडले, टांग टाकली आणि किक मारली. पहिल्याच किकला इंजिन सुरू झालं.

गिअर टाकायला मी क्लचकडे हात नेला.

क्लच आधीच दाबलेला होता.