कुलूप नसलेलं काचघर

गेल्या वर्षी क्लबातल्या भाज्यांच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी कुणीतरी माझ्या नवऱ्याचे, विल्फचे, मनगटाएवढे जाड लीक, कांद्याच्याच जातीचे लांब पांढरे दांडे, वाफ्यातच सुरीने चिरून टाकले. कप शेजारच्या नॉर्मनने नेला. विल्फने पुन्हा फावडं हातात धरलं नाही. नाताळाआधीच तो गेला.

यंदा मी परसात काचघर उभारलं, नॉर्मनच्या कुंपणाला अगदी खेटून. आत कुंड्यांमध्ये लीकची रोपं लावली.

"विल्फच्याच वाणाची ना, वहिनी?" तो कुंपणावरून वाकून म्हणाला. "कुलूप नाही घातलंत?"

"म्हातारीची रोपं कोण नेतंय, भाऊजी."

आठवडाभरात निम्म्या कुंड्या गायब झाल्या. आजोबांपासून राखलेल्या त्याच्या वाफ्यात तीच रोपं ओळीने उभी राहिली.

माझी बहीण हिल्डा भडकली. "पोलिसांना बोलाव की. बघत काय बसलीस?"

"कुंड्यांतली माती मी गावाबाहेरच्या त्या डोराच्या मळ्यातून आणली होती," मी म्हणाले. "तिचे कांदे, लीक सगळे पांढऱ्या कुजीने गेले ना, तिथली. ती कुज एकदा वाफ्यात शिरली की वीस वर्षं तिथे लीक होत नाही."

कुंपणापलीकडे नॉर्मन शीळ घालत रोपांना पाणी देत होता. त्याला परवाच पंचाहत्तरावं लागलंय.