सहा इंच उशीर

"अडुसष्ट!" वेंडेलने फोन उंच धरला. "बॅटचा वेग ताशी अडुसष्ट मैल! अरे टेट, बॅट फिरवतोयस की माश्या हाकलतोयस?"

बेसबॉलच्या मैदानात पहिल्या बेसमागच्या लाकडी बाकांवर हशा पिकला. डनमोर संघाचा धिप्पाड फलंदाज कॉर्बिन टेट तिसरा चेंडूही हुकवून, मान खाली घालून परत चालला होता. सामन्याची ही दुसरीच इनिंग.

व्हर्ना लिंडक्विस्टने शेजारच्या आर्लोला कोपराने ढोसलं. "पाहुणा कामाचा दिसतोय रे."

एकाहत्तर वर्षांची व्हर्ना या बाकांची राणी. तीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती, आणि ती तिथून "सूप!" म्हणून ओरडली की पुढच्या गावातली पोरं वाडगे घेऊन रांगेत उभी राहत. निदान आर्लो तरी तसं शपथेवर सांगायचा. आर्लोने स्वतः बावीस वर्षं दाढीला वस्तरा लावला नव्हता. वेलर्सबर्गचा संघ अंतिम फेरीत जाईल तेव्हाच लावीन, असा त्याचा पण होता. दाढी आता तो कमरेच्या पट्ट्यात खोचायचा.

आज जिंकलं की अंतिम फेरी. हरलं की घरी. मध्ये काही नाही.

"पाहुणे, तुम्ही कुठले?" व्हर्नाने शेंगदाण्यांची पिशवी पुढे केली.

"नदीपलीकडचा." वेंडेलने डोक्यावरची कोरी करकरीत वेलर्सबर्गची टोपी सारखी केली.

"काम काय करता?"

"सध्या सक्तीची सुट्टी आहे. एकाशी वाद घातला. निर्णय त्याच्या हातात होता."

"असली माणसं तशीच असतात. खा, शेंगदाणे खा."

चौथ्या इनिंगमध्ये टेट पुन्हा आला. पुढचा पाय गुडघ्यापर्यंत उचलून त्याने बॅट फिरवली. चेंडू सरळ वर गेला आणि झेलला गेला. दोन सेकंदांत सगळ्यांच्या फोनवर, मैदानावरच्या कॅमेऱ्यांनी मोजलेली, त्या फटक्याची कुंडली आली.

"एकोणसत्तर," आर्लोने वाचलं. "आणि बॅट चढायच्या ऐवजी उतरतेय. हा काय मारणार!"

"गंमत बघा," वेंडेल म्हणाला, "हे आकडे आपल्याला दिसतात, त्याला नाही. सामना चालू असताना त्यांना फोनला हात लावता येत नाही. म्हणजे जखम कुठे आहे ते आपल्याला ठाऊक. मीठ चोळायला कितीसा वेळ?"

"चोळा की मग!"

"माझा घसा बसलाय. बाई, तुमचा आवाज द्याल का? म्हणा, पाय उचलतोस की नाच करतोस?"

व्हर्ना उभी राहिली. तिने एकदा म्हटलं, मग बाकांनी म्हटलं, मग तीनशे माणसं टाळ्यांच्या ठेक्यावर एकच घोष करू लागली. "पाय खाली! पाय खाली!" टेटने वळून बाकांकडे पाहिलं. लोकांना गुदगुल्या झाल्या.

"लागलं रे त्याला!" व्हर्ना खूश झाली.

सातव्या इनिंगला टेटने पाय जेमतेम उचलला. चेंडू सणसणत उजवीकडे गेला आणि कुंपणापाशी झेलला गेला. बाकांवरची माणसं अर्धी उठून परत बसली.

"चौऱ्याहत्तर," आर्लो पुटपुटला. "वाढला की वेग."

"वेगाचं काय घेऊन बसलात?" वेंडेल शांतपणे म्हणाला. "हे बघा, चेंडू कुठे गाठला ते. सहा इंच उशिरा. घोडा कितीही पळो, गाडी सुटल्यावर स्टेशनात पोचून काय उपयोग?"

"वा!" व्हर्नाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "आर्लो, शिक काहीतरी. तू बावीस वर्षं नुसतं 'हुर्यो' करतोयस."

"तू कानाशी ओरडत असताना दुसरं काही ऐकू येतं का?"

नववी, शेवटची इनिंग आली. वेलर्सबर्ग तीन, डनमोर एक. दोघे बाद, दोघे बेसवर, आणि बॅट घेऊन टेट. आणखी एक बळी, की बावीस वर्षं संपली. आर्लोने दाढी पट्ट्यातून काढून हातात धरली.

"आता सोडू नका त्याला," वेंडेल म्हणाला.

व्हर्नाने पदपथावरच्या कुत्र्यांनीही कान टवकारावेत असा आवाज लावला. "सहा इंच उशीर!" मागून सगळी बाकं. "सहा इंच उशीर! सहा इंच उशीर!" फळ्या हादरल्या. पॉपकॉर्नवालाही टोपली ठेवून ओरडायला लागला.

पिचरने चेंडू टाकला. टेटने तो पुढेच गाठला.

आवाज असा झाला की घोष जागच्या जागी मेला. चेंडू कुंपणावरून गेला, धान्याच्या कोठारावरून गेला, आणि कोणी म्हणतात अजून खाली आलेला नाही. बेसवरचे दोघे आणि टेट, तिघांच्या तीन धावा. डनमोर चार, वेलर्सबर्ग तीन. उरलेल्या अर्ध्या इनिंगमध्ये वेलर्सबर्गचे तिघे आले तसे गेले.

लोक उठेचनात. व्हर्नाने नाक पुसलं आणि स्वतःच्या दुःखातूनही पाहुण्याचा खांदा थोपटला.

"मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तुमच्या परीने सगळं केलंत."

"तुम्हीही, बाई," वेंडेल मनापासून म्हणाला. "असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता."

"पुढच्या वर्षी ही जागा तुमची."

तेवढ्यात टेट मैदान ओलांडून थेट कुंपणाशी आला. "खिजवायला येतोय मेला," आर्लो म्हणाला. व्हर्ना कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

टेटने तिला अदबीने मान लववली आणि तिच्या शेजारी पाहिलं.

"कोच, तुमच्यावरची बंदी आज संपली खरी, पण अंतिम फेरीतही तुम्ही बाहेरच बसा. आत तुम्ही एकटे ओरडता. इथे अख्खं गाव ओरडतं."