एका शब्दाचा कोश

“एकदा त्यांनाच विचारा,” डॉक्टर म्हणाले. “शुद्धीवर आहेत. श्वासाचं मशीन लावलं तर यातूनही निघतील. नाही लावलं, तर आजचा दिवस काढणं कठीण आहे.”

मुलगी खाटेवर वाकली. पक्षाघातानंतर बाबांच्या तोंडात एकच शब्द उरला होता. बास. धाकटा भाऊ परगावाहून फोन करायचा आणि हसायचा, “ताई, बाबांचा शब्दकोश बरा, एका ओळीत आटोपला.”

तसा तो आटोपत नव्हता. ती पूर्वी शास्त्रीय शब्दांच्या व्याख्या लिहायची. बाबांसाठी नोकरी सुटली, सवय सुटली नाही. पंखा बंद करून बघायचं, चहा पुढे धरून बघायचं. बाकी सगळं तेच ठेवून एकच गोष्ट बदलायची. असं करत तिने एकेक अर्थ पक्का केला. तुटक ‘बास’ म्हणजे दिवा मालव. ‘बास बास’ म्हणजे कूस बदलून दे. आणि डोळे मोठे करून लांबवलेला ‘बाऽस’ म्हणजे आणखी हवं. आणखी चहा, आणखी ऊन, आणखी थोडा वेळ बस इथे. पुरे झालं, हा अर्थ तेवढा त्या शब्दाला उरला नव्हता. पुरे झालं की बाबा ओठ मिटून भिंतीकडे तोंड फिरवत.

तिची कंबर कामातून गेली होती. हातांना चिकटलेला फिनेलचा वास साबणानेही जात नव्हता. आज सकाळी फोनवर भाऊ हसला नाही. “तू म्हणशील तसं,” एवढंच म्हणाला.

“बाबा, मशीन लावायचं का?”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. डोळे मोठे झाले. छाती घरघरली, आणि विहिरीतून ओढून काढावा तसा शब्द वर आला.

“बाऽऽस.”

डॉक्टर पुढे झाले. “काय म्हणतायत? त्यांचं तुम्हालाच कळतं.”

ती चादरीवरची एक सुरकुती हाताने सारखी करत राहिली. ती सारखी झाल्यावरही हात फिरतच होता. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं नव्हतं. ते तिच्याकडेच बघत होते.

“बास म्हणतायत,” ती म्हणाली.